गोधडीपलीकडचा वारा

पहिला माणूस उडाला तेव्हा खळ्यावरची चारशे माणसं एकदम "अरे!" म्हणाली. दुसरा उडाला तेव्हा बायकांनी पोरांना खांद्यावर उचलून घेतलं. आठवा उडून कडब्याच्या गंजीवर आपटला तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले. आणि हे सगळं करणारे शांग गुरुजी सहा हात लांब उभे राहून आपल्या बाह्या नीट करत होते. कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं त्यांनी.

"हा आतला वारा!" गुरुजी गरजले. "तीन पर्वत आणि पाच गुहा पालथ्या घालून, चाळीस वर्षं पोटात साठवलाय. वाघ हाकललाय मी यानं! वाघाचं काय घेऊन बसलात, विटांच्या भिंतीपलीकडचा माणूस पाडतो मी. फक्त भाव शुद्ध हवा. संशयी माणसाला हा वारा लागत नाही!"

म्हणजे तो वाघ चांगलाच शुद्ध भावाचा असणार, मी मनात म्हटलं. एरवी खो खो हसले असते. पण त्या दिवशी हसू फुटेना, कारण कडब्यावर आपटलेला तो आठवा माझा धाकटा भाऊ छिंगलिन होता.

मी दोऊ अक्का. हाडं बसवते. माझे वडील व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर राखणदार म्हणून हिंडायचे. लढायचे आणि मोडलेलं जोडायचेही. माझे पाय लहान राहावेत म्हणून आमच्या रीतीप्रमाणे लहानपणीच बांधलेले, त्यामुळे लढणं माझ्या नशिबी नव्हतं, पण जोडणं मी शिकले. आई गेली तेव्हा छिंगलिन चार वर्षांचा होता. राळ्याची पेज भरवून भरवून मी त्याला मोठा केला. आता हे लेकरू बावीस वर्षांचं घोडं झालं होतं, आणि तीन दिवसांनी तालुक्याच्या जत्रेत, चौथऱ्यावर, मो तिएशानशी लढणार होतं.

मो तिएशान कुस्तीगीर होता. मागच्या वर्षी त्यानं एकाला उचलून आपटलं, तो माणूस अजून अंथरुणातून उठलेला नाही. चौथऱ्यावर चढण्याआधी कागदावर अंगठा द्यावा लागतो: मेलो, लुळा झालो, तर माझ्या घरच्यांची तक्रार नाही. छिंगलिननं तो देऊन टाकला होता. अंगठ्याला शाई गुरुजींनी स्वतः लावली.

"मो जवळ येण्याआधीच दहा हात लांब पडेल," गुरुजी म्हणाले होते. स्वतः का चढत नाहीत, असं विचारायचं गावात कुणाला सुचलं नाही.

त्याच दुपारी फान दाचुआन माझ्याकडे आला. हा गुरुजींचा थोरला चेला, अंगानं रेड्यासारखा. कोपर टरटरून सुजलं होतं.

"कुठं लागला वारा?" मी विचारलं.

"छातीत, अक्का."

"बंडी काढ."

छातीवर साधा ओरखडा नव्हता. कोपर सोललेलं, ढुंगण काळंनिळं. आणि हे मी त्या महिन्यात पाचव्या चेल्याचं बघत होते. तीस वर्षं मी भांडणातली माणसं तपासतेय. ठोसा लागला की लागल्या जागी वळ उठतो; मनगट धरलं की बोटं उमटतात. ह्यांच्या अंगावर मारणाऱ्याची खूणच नव्हती, होत्या त्या फक्त पडण्याच्या.

"दाचुआन," मी कोपर दाबलं, तो ओरडला. "तुला धक्का जाणवतो का रे? खरं सांग. नाहीतर अजून दाबीन."

त्यानं दाराकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं. "नाही जाणवत. पण बाकीच्या सातजणांना जाणवतं, अक्का. माझंच मन मळकं असणार. गुरुजी हात पुढे करतात, 'हंऽ' असा श्वास सोडतात, की मी उडी मारतो. नाही मारली तर चारचौघांत त्यांची अब्रू जाईल. गुडघे टेकून चहा दिलाय मी त्यांना. बाप मानलंय."

"आणि उद्या माझा भाऊ मेला तर?"

"त्याला जाणवतं, अक्का. तो सगळ्यांत लांब उडतो."

मी पट्टी बांधली. आमच्याकडे एकदा गुडघे टेकून कुणाला चहा दिला की त्याच्यावर शंका घेणं म्हणजे बापाच्या दाढीला हात घालणं. त्या चहाच्या पेल्यात आठ जवान बुडाले होते.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. छिंगलिननं वाडगा आदळला.

"तुला हेवा वाटतो, अक्का! बाबांकडे नव्हतं ते मला मिळालंय."

"तो मो तुझ्या कमरेत हात घालेल तेव्हा काय करशील? फुंकर मारशील?"

"हे बघ, हे असलं बोलतेस ना, त्यानंच वारा तुटतो. गुरुजी म्हणाले होते, घरातूनच आधी संशय येईल."

म्हणजे जिंकला तर गुरुजींच्या वाऱ्यानं, मेला तर बहिणीच्या संशयानं. बघा कशी सोय! मला रात्रभर डोळा लागला नाही. रडून हा पोरगा ऐकणार नव्हता. त्याच्या डोळ्यांनीच त्याला दाखवायला हवं होतं.

जत्रेच्या आदल्या सकाळी रणदेवतेच्या देवळापुढे निरोपाचा कार्यक्रम होता. गावप्रमुख लू आजोबा खुर्चीत बसले होते. मी पुढे झाले आणि कमरेत वाकून म्हटलं, "गुरुजी, तुमचा वारा विटांच्या भिंतीपलीकडे जातो ना?"

"सहज जातो," गुरुजी म्हणाले.

"मग गावाला एकदा दाखवा. भिंत कशाला, माझ्या दाराचा थंडीचा पडदा आणलाय. कापूस भरलेली गोधडीच आहे. दोन खांबांना बांधू. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला आठ चेले. आणि भावाला निरोप द्यायचा म्हणून माझी इच्छा, ढोल वाजत राहू दे."

गुरुजींची भुवई हलली. "ढोल कशाला?"

"का हो? वारा ढोलाला घाबरतो?"

लोक हसले. लू आजोबा म्हणाले, "होऊन जाऊ दे, गुरुजी. तालुक्यात सांगायला होईल." नाही म्हणायला गुरुजींना जागाच उरली नाही.

पडदा बांधला. गर्दी दोन्ही बाजूंना उभी, तिला गुरुजीही दिसत होते आणि चेलेही. चेल्यांना मात्र नाकासमोर फक्त गोधडी. जी नावाच्या ढोलवाल्याला मी सकाळीच कानात सांगून ठेवलं होतं: जोरात वाजव, माझ्याकडे बघ, मी बाहीनं तोंड पुसलं की थांब. त्याच्या सासूचा खुबा मी बसवला होता. तो का म्हणून विचारणार नव्हता.

ढोल सुरू झाला. माझ्या छातीतला वेगळाच वाजत होता. हे फसलं तर उद्या भाऊ जाणार, आणि मला तो शेवटचं तोंडही दाखवणार नाही.

गुरुजींनी हात पुढे लोटला, 'हंऽ' केलं. ढोलात ते विरून गेलं. पलीकडे आठही जण खांबासारखे उभे. गुरुजींनी पुन्हा लोटला. पाय आपटला. कपाळावर घाम आला. कुणी हललं नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा तर त्यांनी इतक्या जोरात लोटलं की स्वतःच झोक जाऊन दोन पावलं पुढे गेले.

"जरा ऊर्जा साठवतो," असं म्हणून त्यांनी स्टुलावरचा चहाचा पेला उचलला आणि ओठाला लावला.

मी तोंड पुसलं.

ढोल थांबला. अचानक सगळीकडे शांत झालं. पलीकडे कुणीतरी एक दचकून मागे उडाला. त्याचं बघून दुसरा, तिसरा, आणि पापणी लवायच्या आत आठही जण धडाधड जमिनीवर! सगळ्यांत लांब छिंगलिन.

मी दोरी ओढली. गोधडी खाली आली. आठही जणांनी पडल्या पडल्या मान वर करून बघितलं. समोर गुरुजी, दोन्ही हातांत पेला, गाल चहानं फुगलेले.

पहिलं हसू एका म्हातारीचं होतं. मग सगळं अंगण हसायला लागलं. मी हसले नाही. मी भावाचं तोंड बघत होते. ते पांढरंफटक पडलं होतं.

गुरुजींनी घोट गिळला. "कापूस! कापूस वारा शोषून घेतो! आणि मग थोड्या वेळानं सोडतो!"

"असं?" लू आजोबा म्हणाले. "मग मो तिएशानला निरोप धाडायला हवा, बाबा, उद्या कापसाची बंडी घालून येऊ नकोस."

छिंगलिन उठला. अंगावरची माती त्यानं झटकलीसुद्धा नाही. "दाचुआनदादा, तू का पडलास?"

दाचुआन खाली बघत म्हणाला, "बाकीचे पडले म्हणून."

"आणि तू?" त्यानं दुसऱ्याला विचारलं.

"मला वाटायचं, मला एकट्यालाच जाणवत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," तिसरा म्हणाला. चौथा रडायलाच लागला. छिंगलिन माझ्यासमोर आला. "अक्का, मलाही कधीच काही जाणवलं नाही. म्हणून मी सगळ्यांत लांब उडायचो. कुणाला कळू नये म्हणून."

मी त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा घोडा, पण मला काही लाज वाटली नाही. दुपारपर्यंत गुरुजी खेचरगाडीत बसून चालते झाले.

पण कागदावरचा अंगठा तसाच होता. परसात छिंगलिन म्हणाला, "मग सहा महिने मी हातांचे जे डाव घोटवले ते सगळे खोटेच?"

"खोटे नाहीत. त्यांचा अर्थ खोटा सांगितला. 'घोड्याची आयाळ विंचरणे' करून दाखव."

त्यानं केलं: एक हात तिरपा वर, दुसरा खाली कमरेपाशी, एक पाय पुढे.

"खालच्या हातात काय आहे?"

"काही नाही. तिथून वारा जमिनीत जातो."

"डोंबल! तिथं समोरच्याचं मनगट आहे. त्यानं ठोसा मारला, तू मनगट धरून खाली ओढलंस. वरचा हात त्याच्या काखेखालून छातीवर. आणि पाय पुढे नाही, त्याच्या टाचेमागे. आता कंबर फिरव. बाबांनी अशी कितीतरी दरोडेखोरांची हाडं जमिनीला लावली. दाचुआन, ये इकडे. आणि मेल्या, आज पडायचं नाही. खरं झुंजायचं."

छिंगलिननं मनगट धरलं. दाचुआननं ते सोडवलं. पुन्हा धरलं, टाच चुकली, छिंगलिन स्वतःच पडला. दहा वेळा केलं. दहाही वेळा फसलं. अकराव्या वेळी दाचुआन जेमतेम डगमगला. छिंगलिन धापा टाकत उकिडवा बसला.

"अक्का, हे खरं आहे, कळलं मला. पण हे मला येत नाही."

"नाही येत," मी म्हटलं. गोड बोलून मी त्याला मरायला पाठवणार नव्हते. "दोन वर्षं, रोज, न पडणाऱ्या माणसावर. मग येईल."

दुसऱ्या दिवशी तो चौथऱ्यावर चढला. हजारो लोक ओरडत होते. समोर मो, मान बैलासारखी. छिंगलिननं त्याला नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मला लढता येत नाही. मला नुसतं पडायला शिकवलंय, आणि तेही कुणी हात न लावता. माझं नाव खोडा."

केवढी शिट्ट्यांची आणि शिव्यांची राळ उडाली! 'भित्रा' म्हणाले, 'बायकोच्या पदराआड जा' म्हणाले, बायको नव्हती तरी. तो खाली मान घालून उभा राहिला. पंचानं मो तिएशानकडे बघितलं. दोघांची संमती असेल तर कागद रद्द होतो. मोनं दाढी खाजवली आणि मान डोलावली. मग तो छिंगलिनपाशी आला.

"गेल्या वर्षीचा तो माणूसही वाऱ्यावर विसंबून आला होता," मो म्हणाला. "हात पुढे करून उभाच राहिला. मला वाटलं, आता मनगट धरेल, म्हणून मी जोर लावला. त्यानं धरलंच नाही. अजून माझ्या स्वप्नात येतो तो."

मी चौथऱ्याची फळी धरून खाली बसले, आणि भाऊ स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून आला तेव्हा भर जत्रेत हमसून हमसून रडले.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्यासमोर न शिवता माणूस पाडेल, फुंकरीनं आजार घालवेल, तेव्हा हात जोडायची घाई करू नका. पडणाऱ्याला बाजूला घेऊन विचारा, तुला खरंच लागलं का. आणि त्या महाराजांना म्हणा, ज्यानं तुमच्यासमोर गुडघे टेकलेले नाहीत, अशा माणसावर करून दाखवा. करून दाखवलं तर मी स्वतः येऊन त्यांना चहा देईन. आणि नाही दाखवलं, तर तुमच्या घरातल्या पोराला घेऊन सरळ घरी जा.