घळीवरच्या पांढऱ्या चादरी

नव्या पांढऱ्या चादरी धुवायला काढल्या आणि सकाळीसकाळीच सासूसुनेचं वाजलं.

"असलं पांढरंफेक कुणाच्या अंगावर घालतात माहीत आहे का तुला?" सासू म्हणाली. "माणूस गेल्यावर."

"पाहुण्यांना पांढरंच लागतं, आत्या. डाग असला की लगेच दिसतो."

"मग आपल्या फुलाफुलांच्या काय वाईट होत्या? त्यांच्यावर डाग दिसतच नव्हता."

"म्हणूनच," थोरली म्हणाली आणि चादर पिळायला दुसरं टोक सासूच्या हातात दिलं.

थोरली म्हणजे या घरातली मोठी सून. मागच्या बाजूच्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं तिनंच सुरू केलं होतं. पाहुणे म्हणजे नात्यातले नव्हेत. घळ बघायला येतात ते. वर तलाव, खाली शेतं आणि मधे ती अरुंद, वाकडीतिकडी घळ. दोन्ही अंगांना उंच कातळ, तळाला थंड डोह. पिढ्यान्‌पिढ्या ती तिथंच होती आणि तिच्यात हरवलेलं जनावर शोधण्यापलीकडे कुणी पाऊल टाकत नव्हतं. मग कुणीतरी तिचे फोटो काढले, आणि माणसं यायला लागली.

त्याआधी वरचं गाव आणि खालचं गाव यांचं कधी पटलं नाही. वरच्यांनी पाणी अडवायचं, खालच्यांनी रस्ता अडवायचा. डोकी फुटली होती. एकमेकांच्या सुखदुःखाला कुणी जात नव्हतं. पाहुणे आले तेव्हा लक्षात आलं, की जीप वरच्यांकडे आहे आणि घळीचं तोंड आपल्याकडे, खालच्या गावात. जेवण त्यांच्याकडे बरं मिळतं, झोपायला खोल्या आपल्याकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं अडायला लागलं. मग लोक तलावाच्या भिंतीवर एकत्र बसले आणि बोलून सगळं ठरलं.

त्यात पाण्याचंही ठरलं. तलावाचं पाणी घळीतूनच खालच्या शेतांना येतं. गेट उघडलं की घळीत छातीएवढं पाणी उसळतं. म्हणून पाहुणे आत असेपर्यंत गेट बंद. शेवटचा माणूस बाहेर आला, की खालच्यांनी टेपावरच्या, म्हणजे गावाजवळच्या टेकाडावरच्या, खांबाला पांढरं कापड चढवायचं. तलावावरून ते दिसलं की गेट उघडायचं. दिसलं नाही तर उघडायचं नाही. घळीत फोन लागत नाही आणि तलावावर लागला तर लागतो, म्हणून कापड. पांढरंच का, यावरही बोलणं झालं होतं. रंगीत कपडे घरोघर वाळत असतात. मोठं पांढरं कापड दोन्ही गावांत कुणाकडे नव्हतं. पिठाची पोती उसवून, धुऊन, एकाला एक जोडून ते मुद्दाम शिवलं होतं.

गेटचं चाक फिरवायचं काम वरच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडे. सगळे त्याला चाकवाले काका म्हणत. दोन्ही गावांचं जमल्यावर पहिली सोयरीक झाली ती त्याच्याच घरी: त्याची मुलगी या घरात धाकटी सून म्हणून आली. भावकीनं त्याला बरंच ऐकवलं. तो मुळातच अबोल. मुलीशीही फार बोलत नसे. रोज दुपार कलली की भिंतीवर उभा राहून टेपाकडे बघायचा आणि पांढरं दिसलं की चाक फिरवायचा. धाकटी पाहुण्यांना घेऊन घळीत जायची आणि बाहेर आली की स्वतःच्या हातानं कापड चढवायची. बापलेकीची रोजची भेट म्हणजे एवढीच.

त्या दिवशी पाहुणे उशिरा उठले. नाश्ता उशिरा झाला. त्यात एका बाईंना चप्पल नको, बूटच हवेत, म्हणून शोधाशोध. घळीत शिरेपर्यंत उन्हं चांगलीच वर आली.

"आज वेळ लागेल गं," धाकटी जाताना म्हणाली. "यातला एक जण दर दगडापाशी थांबणार. तोंडावरूनच दिसतंय."

"थांबू दे. कापड तुझ्याच हातात आहे," थोरली म्हणाली.

दोघींचे नवरे नवीन पाहुणे आणायला वरच्यांची जीप घेऊन गेले होते. थोरली स्वयंपाकाला लागली. मागच्या दोरीवर ओल्या चादरींचं वजन आलं आणि दोरी खुंटीतून निसटली. दोन चादरी मातीत.

"आत्या, या परत खळबळून घ्या, आणि सगळ्याच दुसरीकडे कुठंतरी वाळत घाला," तिनं आतूनच ओरडून सांगितलं. "ऊन बघून घाला. संध्याकाळी अंथरायच्यात."

"मला शिकव आता कपडे वाळवायला," सासू म्हणाली आणि बादली उचलून गेली.

दुपार कलली. भाजी झाकून थोरली हात पुसत बाहेर आली. अंगणात चादर नव्हती, कुंपणावर नव्हती. आत्यांनी नेल्या कुठं? मग तिची नजर वर गेली.

ऊन बघून घातल्या होत्या. गावात सगळ्यात चांगलं ऊन टेपावर असतं. खांब मोकळाच होता. पिठाच्या पोत्यांचं कापड त्याच्या बुंध्याशी घडी घालून, वर दगड ठेवलेलं. पण खांबाच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांवर, कातळावर, सगळीकडे पांढरं पसरलं होतं. वाऱ्यानं टोकं उडत होती.

पहिल्यांदा तिच्या मनात एवढंच आलं, की तिथं छान वाळतील.

मग तिला घळ आठवली.

ती पळत सुटली. टेपाची चढण चढताना तिला एकच गोष्ट दिसत होती: तलावाच्या भिंतीवरून बघणाऱ्याला हे कसं दिसत असेल. तिथून खांब दिसत नाही. तिथून फक्त पांढरं दिसतं. एरवी या वेळेला तेच दिसतं.

वर पोचल्यावर तिनं तलावाकडे पाहिलं. इतक्या लांबून माणूस दिसत नाही. पण भिंतीच्या पायथ्याशी एक पांढरी रेघ दिसत होती. बघताबघता ती रुंद झाली. गेट उघडलं होतं.

तिनं फोन लावला आणि एका हातानं चादरी ओढायला लागली. झुडपाच्या काट्यांनी चादर धरून ठेवली. तिनं ती फाडूनच काढली. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. लागलाच नाही. सासू शेवटची चादर खांद्यावर घेऊन चढत येत होती.

"अगं, ओल्याच आहेत अजून, काढतेस कशाला?"

"आत्या, धाकटी आत आहे."

 सासूनं खांब पाहिला, कातळ पाहिला, आणि ती खाली बसली. बसल्याबसल्याच हाताला येईल ती चादर ओढून पोटाशी धरायला लागली.

तिसऱ्यांदा फोन लागला.

"काय गं?" चाकवाले काकांचा आवाज. "सोडलं की पाणी. दिसलं कापड."

"काका, ते कापड नाही. चादरी आहेत. आत्यांनी वाळत घातल्यात."

तिनं लगेच पुढचं सांगितलं.

"आत माणसं आहेत, काका."

कोण आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. फोन कशावर तरी आपटला. बंद मात्र झाला नाही. त्यातून तिला चाक ऐकू यायला लागलं. लोखंडाचं कुरकुरणं आणि मधेमधे माणसाचा श्वास. गेट उघडायला जितकं चाक फिरवावं लागतं, तितकंच ते बंद करायला. ती कान लावून उभी राहिली. कुरकुर, श्वास. कुरकुर, श्वास. मग तिला कळलं की इथं उभं राहून काही उपयोग नाही. गेट बंद झालं तरी सुटलेलं पाणी सुटलंय.

ती घळीच्या तोंडाकडे धावली. आत शिरून हाक मारली. कातळानं ती हाक तिलाच परत दिली. पायाखालचं पाणी घोट्याएवढं आणि नितळ होतं, तळातले गोटे दिसत होते. ती आणखी आत गेली. "धाकटे," तिनं पुन्हा हाक मारली. "ए धाकटे." एक वाळकं पान तरंगत आलं. मग बरीच पानं. मग नितळ पाणी गढूळ झालं आणि गोटे दिसेनासे झाले.

ती मागं फिरली. तोंडाशी असलेल्या मोठ्या खडकावर चढली तेवढ्यात पाणी आलं. मोठा आवाज करत वगैरे आलं नाही. आधी ते फक्त उंच झालं. मग वळणावरून तपकिरी पाण्याची एक भिंतच पुढे सरकली, फांद्या आणि फेस घेऊन, आणि ती आताच जिथं उभी होती तिथून निघून गेली. आवाज त्याच्या मागून आला.

फेसातून एक बूट आला. नवा, लेस बांधलेला. तो भोवऱ्यात गोल फिरला आणि वाहून गेला. थोरलीनं तोंडावर हात दाबून धरला.

आवाज ऐकून गाव जमा झालं. पाहुणे आत होते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पाणी कुठून येतं तेही.

"वरच्यांनी सोडलं," एक जण म्हणाला.

"मी सांगत होतो. त्यांच्या हातात चाक देऊ नका म्हणून."

"जीपपण त्यांचीच, चाकपण त्यांचंच. आपण आपलं चादरी धुवायच्या."

एवढ्याशा वेळात सगळं परत आलं. कुणाचं डोकं कोणी फोडलं होतं, कुणाचं वाफ्यातलं रोप वाळलं होतं. दोघातिघांनी तर हातात काहीतरी घेतलंही होतं. 

"पांढरं मी घातलं." सासू मागून आली होती. छातीशी ओल्या चादरींचं बोचकं, लुगड्यावर माती. "ऐकलंत का? टेपावर मी वाळत घातल्या. त्यानं दिसलं ते केलं. कुणाला मारायचं तर मला मारा."

ज्यांनी हातात काही घेतलं होतं त्यांनी ते खाली टाकलं. पाणी वाहत होतं. त्याच्याकडे बघत सगळे उभे राहिले. थोरली मात्र पाण्याकडे बघत नव्हती. ती कातळावरच्या ओल्या रेषेकडे बघत होती. रेष पाण्याच्या वर दिसायला लागली म्हणजे पाणी उतरायला लागलं. रेष दिसेना. बराच वेळ दिसेना. मग नखाएवढी दिसली. मग बोटाएवढी.

पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर वळणाच्या आतून शिट्टी ऐकू आली. धाकटीच्या गळ्यात असते ती.

ती पुढे होती. तिच्या मागे एकमेकांचे हात धरून पाहुणे. एका बाईंच्या पायात एकच बूट. थोरलीनं सगळी तोंडं पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. कुणी कमी नव्हतं.

"वारा उलटा आला," धाकटी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "दुपारी वारा खालून वर जातो. आज समोरून तोंडावर आला, गार. पाणी आपल्या पुढची हवा ढकलत येतं. लहानपणी बाबांबरोबर गेटपाशी बसायचे ना मी. सगळ्यांना कपारीत चढवलं. यांचा बूट तेवढा गेला."

एवढं बोलून ती पाण्याच्या कडेला बसली आणि उलटी केली. सासूनं तिच्या पाठीवर एक नवीकोरी पांढरी चादर टाकली आणि ताबडतोब काढून घेतली. स्वतःचा पदर टाकला.

एक पाहुणे मोबाइल पुसत होते. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. "जबरदस्त होतं," ते म्हणाले. "रोज याच वेळेला सोडता का? उद्या मुलांना घेऊन येतो."



चाकवाले काका वाटेनं पळत येत होते. लांबूनच त्यांना मुलगी दिसली. ते जवळ आले नाहीत. आहेत तिथंच थांबले, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले, आणि थोड्या वेळानं वळून चढ चढायला लागले.

चादरी थोरलीनं गडद निळ्या रंगात बुडवल्या. दोन्ही गावांची माणसं परत भिंतीवर बसली आणि ठरवलं, की पांढरं अंथरूण कुणी आणायचं नाही, पाहुण्यांनी कितीही मागितलं तरी. घळ काही दिवस बंद ठेवली. तेवढं सोपं होतं.

पाणी अवघड झालं. चाकवाले काका चाकाला हात लावेनात. कापड चढलं तरी नाही, फोन केला तरी नाही. चाकाकडे पाठ करून बसायचे. दुसऱ्या कुणाला तर जवळही येऊ देत नव्हते. शेतांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या. खालच्या गावात पुन्हा आवाज चढू लागले. "चूक तुमच्या चादरींची आणि उपाशी आमचं रान," असं थोरलीला तोंडावर ऐकावं लागलं.

एका सकाळी धाकटी कुणाला न विचारता वर गेली. काका भिंतीला टेकून बसले होते.

"कापड बघून उघडलं होतं मी," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"माहीत आहे."

"नीट बघितलं होतं."

"बाबा, आत कोणी नाही. घळ बंद आहे."

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं."

धाकटी चाकाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, त्यांच्या अगदी समोर. "आत जाणारी मीच ना? मी इथं आहे. बघा माझ्याकडे आणि फिरवा."

ते उठले. चाकाला हात लावला. अर्धा फेरा फिरवला, थांबले, तिच्याकडे पाहिलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं.

खाली थोरली निळ्या चादरी झटकत होती. घळीतून आवाज यायला लागला. धाकटी वर आहे, घळीत कोणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं हातातली चादर टाकली आणि घळीच्या तोंडाशी जाऊन, पाणी पूर्ण बाहेर येईपर्यंत, त्यात काय काय वाहत येतं ते बघत उभी राहिली. पानं आली, काटक्या आल्या, फेस आला. बाकी काही आलं नाही.