अजून थोडं खोल

जेसीबीचा पहिला घाव पोफळींच्या रांगेशेजारी बसला, तेव्हा कल्पिता कॅमेरा घेऊन समोरच उभी होती. मुरुडच्या या वडिलोपार्जित वाडीतला अर्धा तुकडा तिच्या भावाने, देवदत्तने, रिसॉर्टवाल्याला विकला होता. तिने सही दिली, पण त्यानंतर त्याच्याशी धड बोलली नव्हती. अंधाऱ्या खोलीत चारी भिंतींवर फोटो प्रकाशाने उमटवायचे आणि माणसांना त्यांतून चालवायचं, हे तिचं काम. हातची चाललेली माती तशी उभी करायची, एवढंच आता तिच्या डोक्यात होतं. पण वाडीभर फिरूनही एक फोटो मनासारखा येईना.

खड्ड्याची एक बाजू सरळ कापली गेली आणि तिरपं ऊन आत पडलं. वर काळी माती, मधे तांबूस, तिच्यातून लोंबणारी मुळं. तळाशी पांढरं काहीतरी चमकलं.

"शिंपले आहेत!" ती चालकाला ओरडून म्हणाली, "शिवदास, अजून थोडं खोल घ्या ना!"

त्याने खोल घेतलं. काठावरची पोफळ कलली आणि पडली. कल्पिताचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावरून हललं नाही; ती फोटो काढतच राहिली. देवदत्त विहिरीपाशी उभा राहून बघत होता.

फेब्रुवारीत गावातल्या बंद भातगिरणीत तिने ते फोटो मांडले. भिंतींवर, जमिनीवर, छतापर्यंत माती. लोक दारातच आपणहून चपला काढत होते. कल्पिताला मात्र चैन नव्हतं. सारखी उठून प्रोजेक्टर हलवत होती.

दुपारी देवदत्त आला. शिंपल्यांच्या थरापाशी बराच वेळ थांबला.

"दादा, काहीतरी बोल."

"तू अजून खोल घ्या म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, वाडी मोडणारा आता मी एकटा नाही."

ती पडद्यामागे लॅपटॉपपाशी गेली. शिंपल्यांच्या मूळ फोटोत कडेला तिची सावली पडली होती, हात खाली दाखवणारी. मांडणी बिघडते म्हणून तिने ती कापून टाकली होती. आता तिने अख्खा फोटो भिंतीवर सोडला.

"तूच ना ही?" देवदत्तने विचारलं.

"हो."

तो भिंतीसमोरून हलला नाही. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. बसवेना. उठून पुन्हा आत गेली.