सूर्याला पडलेलं खळं

नितेश अकोल्याच्या कॉलेजात, मी अमरावतीच्या. दोघंही भौतिकशास्त्राचे मास्तर आणि संसार रविवारपुरता. बाकीचे दिवस आम्ही नवरा-बायको सूर्यावर भेटायचो.

सूर्यातून तापलेल्या वायूचा लोट उसळला की त्याची चित्रं नेटवर येत. एक यान पृथ्वीच्या बाजूनं बघायचं, दुसरं पार कडेनं. समोरचं यान नितेशनी घेतलं, कडेचं मी. संध्याकाळी फोन.

"सूर्याले खळं पडलं," ते म्हणायचे. "वाढूनच राहिलं."

"तुमाले खळं, मले लांबट फुगा."

मग मी डोळे मिटून दोन्ही चित्रं जोडायची. तो लोट माझ्या खोलीतून आवाज न करता पसरत जायचा, भिंती विरघळायच्या, आणि अकोला-अमरावती एकाच उजेडात तरंगायची. फार सुख वाटायचं. गंमत अशी, की समोरून नुसतं खळंच दिसतं. लोट आपल्याकडे निघालाय की पलीकडे चाललाय, हे कडेनं बघणाऱ्यालाच कळतं. म्हणून ते मला विचारायचे आणि मी भाव खायची.

त्या वर्षांत कपाशीनं दगा दिला. खेड्यातली पोरं कॉलेजात येईनाशी झाली, नितेशचे वर्ग ओस पडले. त्यांना मस्कतच्या शाळेत नोकरी मिळाली. "दोन वर्षांची रजा काढली," म्हणाले. मी मान डोलावली.

निरोपाला ते अमरावतीला आले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या कॉलेजातल्या अनीसाचा मला फोन आला. "रजा? सरांनी तं राजीनामा देला, भाभी. तुमाले मालूम नाही काय?"

म्हणजे परतायचा विचारच नव्हता. मला तिकडे न्यायचं तर ते कधी बोललेही नव्हते. मी फोन ठेवला आणि त्यांची बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बडनेरा स्टेशनात मुंबईची गाडी लागली. डब्याच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "येतो."

आमच्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, अपशकुन मानतात. येणाराही 'येतो' म्हणतो आणि जाणाराही 'येतो'च म्हणतो.

"जातो म्हणा," मी म्हटलं.

"काहून?"

"मले कडेनं दिसलं. अनीसानं सांगितलं."

गाडी हलली.

"जातो, साधना."

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या."