प्रमाण वजनावरचा डाग

औषध कारखान्यातले सहा काटे एकाच आठवड्यात किंचित कमी दाखवायला लागले, तेव्हा ते काटे ज्यांवर जुळवले होते त्या प्रमाण वजनांची पेटी दुरुस्तीखान्याच्या साहेबांनी उघडली. ही वजनं चिमट्यानेच उचलायची. बोटाचा तेलकटपणासुद्धा त्यांना जड करतो. भिंगाखाली एका वजनावर पुसटसा डाग दिसला.

"काका, पेटी तुमच्या ताब्यात असते," साहेब म्हणाले. "आता या वयात हलगर्जीपणा?"

निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या काकांचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारच्या टेबलावरच्या कारागिराने तो पाहिला. त्याला काहीच वाटलं नाही. घाईत वजन हाताने उचललं होतं ते त्यानेच.

खोटं जिभेवर आयतं येऊन बसलं: काकांचे हात हल्ली थरथरतात, मी सांगणारच होतो. लहानपणापासून असंच. दोन नोकऱ्या त्यापायीच गेल्या, सख्खा भाऊही तुटला. गेल्या वर्षी मनाच्या डॉक्टरीणबाईंनी या स्वभावाला नाव दिलं, तेव्हा बायकोने विचारलं होतं, "यांना दुसऱ्याचं दुखणं जाणवतच नाही, मग नुसतं कळून काय दिवे लागणार?"

"जाणवणं मी देऊ शकत नाही," बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या होत्या. "पण काटा किती चुकतो हे ठाऊक असलं, की तेवढं धरून वजन काढता येतं ना? फक्त दर वेळी धरावं लागतं."

इतकं सोपं सुचतंय, म्हणजे कुणीतरी भरडलं जाणार. त्याने स्वतःला बजावलं आणि तो उठला.

"साहेब, डाग माझ्या बोटाचा आहे."

"मग इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"खोटं जुळवत होतो."

"अरे, माझा जीव टांगणीला लागला होता!" काका ओरडले. "लाज नाही वाटत?"

"नाही वाटत, काका. म्हणून ठरवावं लागतं."



"कारखान्यात जाऊन सहाही काटे तूच नीट करायचे, आजच," साहेब म्हणाले. "डागाळलेलं सोडून बाकीची वजनं काका हाताळतील."

"याच्याबरोबर जाऊ मी?" काका पुटपुटले, पण पेटी काखेत मारून निघाले. वाटभर त्याच्या चार पावलं पुढेच चालले. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. त्याने वाट पाहिली, तसलं काही झालं नाही.

कारखान्याच्या व्यवस्थापकबाई दारातच उभ्या होत्या. "काय बिघडलं होतं हो?"

हवेतला दमटपणा, हे उत्तर तयारच होतं. सोपं होतं.

"माझी चूक," तो म्हणाला. "पहिला काटा कुठे आहे?"