घोंगडीवरचे चार दगड

मला वाडीत बंकटआबा म्हणतात, आणि पाठ फिरली की थापाड्या. दोन्ही खरं आहे. माझा बोकड परळीच्या वीजकेंद्राच्या राखेत लोळला आणि व्यापाऱ्याने त्याला मेंढा समजून नेला, असं मी पाटोद्याच्या बाजारात एकदा सांगितलं, तर चार जणांनी त्या व्यापाऱ्याचं नाव विचारलं. थाप अशी बसली पाहिजे.

दोन सालांखाली पावसाळ्यात आभाळात दिवे फिरायला लागले. चोरांचे ड्रोन आहेत म्हणून सगळी वाडी भेदरली. माझी धाकटी बहीण रतन नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असायची, शेळ्या तीच राखायची. तिने विचारलं, "दादा, ते कावून फिरतंय?"

"एकटी बाई हुडकतंय," मी म्हणालो. "दिसली की शेळ्यांसकट उचलतंय. आलं की घोंगडी अंगावर घिऊन आडवं व्हायचं. हलायचं न्हाई."

"आन् घोंगडी उडाली तर?"

रतनला नेहमी पुढचा प्रश्न असायचा, त्यामुळे थापही पुढे न्यावी लागायची. "त्याच्या पंख्याचा वारा लई हाय. चारी कोपऱ्यांवर दगड ठिवायचे."

"त्यानं हाक मारली तर?"

"मारतंय की. वळखीच्या माणसाच्या आवाजात मारतंय. ओ द्यायची न्हाई."

मी विसरून गेलो. सांगणारा विसरतोच.

यंदा मे महिन्यात तालुक्याहून माणसं आली. डोंगरात हरवलेला माणूस ड्रोनने कसा शोधायचा, याचा सराव आमच्या डोंगरावर ठेवला होता. हरवायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला. लाल सदरा घालून ओघळीत झोपायचं, एवढंच काम. सकाळी रतन शेळ्या घेऊन डोंगराकडे निघाली, तेव्हा मी तिला यातलं काहीच बोललो नाही. ड्रोनने मला नांदूरघाटापर्यंत नेलं आणि म्हातारा निघाला म्हणून परत आणून टाकलं, असं संध्याकाळी सांगायचं होतं.

ड्रोन उडवायला पाटोद्याचा जावेद होता, एरवी लग्नांचं शूटिंग करणारा. त्याने मला अकरा मिनिटांत शोधलं. "आबा, हरवला होता का स्टेजवर बसला होता?" म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

दुपारी शेळ्या एकट्याच घरी आल्या.

मी पळत शाळेत गेलो. सरावाची मंडळी तिथे उतरली होती, जेवत होती. मी सांगितलं आणि वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. जावेद ताटावरून उठला.

त्याने तीनदा ड्रोन उडवलं. उष्णता दाखवणारा कॅमेराही लावला. "माणूस गरम दिसतो, आबा," तो म्हणाला, "पन या उन्हात दगडबी तेवढाच गरम हाय." ड्रोनला भोंगा होता. त्यातून मीच बोललो. "रतन, मी दादा हाय. अगं, हात वर कर. ओ दे." माझा आवाज डोंगरावरून फिरत राहिला. जी ओघळ ड्रोनने पाहिली ती नकाशावर खोडली जायची आणि माणसं उरलेल्या बाजूला चालत जायची. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं.

पहाटे जावेद सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन आला. एकेक मोठा करून दाखवत होता. खोडलेल्या ओघळीतला एक काळा चौकोन पाहून मी त्याचा हात धरला.

"खडक हाय, आबा."

"खडकाच्या चारी कोपऱ्यांवर कुणी दगड ठिवतं का, बाबा?"

त्याने त्याच ओघळीचे पुढचे फोटो उघडले. दुसऱ्या फोटोतही चौकोन होता. तिसऱ्यातही होता, फक्त एक दगड थोडा सरकला होता आणि घोंगडीच्या काठाखालून चार बोटं त्याला धरून होती.

आम्ही गेलो तेव्हा ती बोटं तशीच होती. तिचा पाय मोडला होता. डॉक्टर म्हणाले, जीव उन्हाने आणि तहानेने गेला, दिवस मावळताना कधीतरी. म्हणजे मी भोंग्यातून हाक मारत होतो तेव्हा ती ऐकत होती.

वाडीने यातून एवढंच घेतलं की ड्रोन तीनदा आलं आणि बाई गेली. मी घरोघर सांगत फिरलो की ती थाप माझीच होती. ड्रोन आलं तर उभं राहा, हात हलवा, ते मदत आणतंय. शेजारच्या वत्सलाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आबा," ती म्हणाली, "बहीण गेली, आतातरी थापा मारू नका."

गेल्या सोमवारी सरावाला पुन्हा ड्रोन आलं. वत्सलाबाई समोरच्या माळावर शेळ्या चारत होती. मी खालून दोन्ही हात हलवत ओरडत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, घोंगडी पसरली आणि दगड वेचायला वाकली.