चौदा नंबरची बस गप का होती

शुक्रवारी सकाळी चौदा नंबरच्या बसमध्ये असं भांडण पेटलं की काचांवरचं बर्फ वितळावं, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या मार्लीस हॉगेनच्या जिवात जीव आला.

एरवी पोरांचं भांडण म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याला ताप. मिनेसोटातल्या या तळ्याकाठच्या गावात बाई सव्वीस वर्षं शाळेची बस हाकतेय. "गप बसा रे!" हे तिनं किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. पण गेले दोन महिने पोरं खरंच गप बसली होती, आणि त्यापायी मार्लीसच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याचं असं होतं. मार्लीस पुस्तकं लिहिते. पोरांना शाळेत सोडलं की रिकाम्या बसमध्ये हीटर लावायचा, मांडीवर वही घ्यायची आणि लिहायचं. तीन भागांची गोष्ट आहे. पुढच्या काळातलं एक गाव, चारी बाजूंनी भिंत. पंधरावं लागलं की पोरांना धरून मिठाच्या खाणीत घालायचं. नेवा नावाची पोरगी आणि तिचा भाऊ आर्लो, ही दोघं बाकीच्यांना घेऊन पळतात आणि एका जुन्या गोदामात लपतात. पहिला भाग आला तेव्हा बसमध्ये दुसरा विषय नव्हता. पोरं उतरता उतरता ओरडायची, "मिसेस हॉगेन, आर्लोला काही झालं ना, तर बघा हं!"

दुसऱ्या भागात आर्लोला काही झालं नाही. त्यानंच केलं. शेवटच्या पानावर त्यानं गोदामाचं दार आतून उघडलं आणि शिपायांना आत घेतलं. सख्ख्या भावानं! तिथंच पुस्तक संपलं.

मग काय, इंटरनेटवर वाचकांनी शिमगा केला. पाचातला एकच तारा. कुणी लिहिलं, पुस्तक भिंतीवर फेकलं. कुणी लिहिलं, मधला भाग म्हणजे नुसती वाट बघायला लावणं. न्यूयॉर्कहून संपादक बाईंचा फोन आला.

"मार्लीस, तिसऱ्याच्या पहिल्याच पानावर सांगून टाकू या. दार उघडणं हा आर्लोचा डाव होता, तो फितूर नव्हताच. लोक शांत होतील. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव."

मार्लीसला ते पटेना. आर्लो घाबरला होता, म्हणून त्यानं दार उघडलं. त्यात कसला आलाय डाव? पण तिनं ठरवलं, परक्यांचं जाऊ दे, आपल्या बसमधली पोरं काय म्हणतात बघू. आणि पोरं तर मूग गिळून बसलेली. रोज पहिल्या थांब्यावर चढणारी काइसा, एरवी तोंडाला कुलूप नाही. तिला विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"आज थंडी फारच आहे ना, मिसेस हॉगेन?"

आता त्या गावात कुणाला तुमचं काही आवडलं नाही, तर तोंडावर कधी सांगणार नाहीत. हवापाण्याचं बोलतील. मार्लीसनंही शेजारणीच्या ओव्हनमधल्या बेचव हॉटडिशला असंच तळ्यावरच्या बर्फाचं बोलून टोलवलेलं. ती काय समजायचं ते समजली. गुरुवारी रात्री जेवायच्या आधी तिनं संपादक बाईंना निरोप लिहून ठेवला, 'तुम्ही म्हणता तसं करू'. फक्त पाठवायचा बाकी होता.

आणि शुक्रवारी सकाळी हा दंगा.

"आर्लो फितूर आहे, फितूर!" मागून ओवेन ओरडला.

"तू असतास तर आधी तूच उघडलं असतंस! परवा कुत्र्याला बघून बसमध्ये चढला नाहीस!" पा-न्या नावाची पोरगी त्याच्यावर धावून गेली.

"मी दोन दिवस रडले," काइसा म्हणाली. "दोन दिवस! आणि बोलायची सोय नाही."

शाळा आली. मार्लीसनं दार उघडलं, तर उतरायला कुणी तयार नाही.

"अरे, पण इतके दिवस तोंडं का शिवली होती?" तिनं विचारलं.

"नियम आहे ना आमचा!" काइसा म्हणाली. "लायब्ररीत दोनच प्रती, मागणीच्या यादीत आठ जण. आठवा वाचून होईपर्यंत शेवटाबद्दल चकार शब्द नाही. जो बोलेल त्यानं महिनाभर पुढच्या बाकावर बसायचं. आणि तो आठवा कोण मेला होता देव जाणे! लायब्ररीवाल्या बाई नाव सांगत नाहीत. सहा आठवडे घेऊन बसला. काल परत आलं, तर पुस्तकाला माशाचा वास! तरी मी परत घेतलंय वाचायला. बघा."

मार्लीसनं पुस्तक हातात घेतलं. वास होता खरा. आतून गळाच्या पाकिटाचा पुठ्ठा खाली पडला. त्यावर जाड पेन्सिलीनं लिहिलेलं, 'आर्लो, नको रे बाबा.'

अक्षर तिनं लगेच ओळखलं. एकतीस वर्षं त्याच अक्षरातली वाणसामानाची यादी वाचत होती ती.

"मिसेस हॉगेन," खाली उतरताना ओवेननं दम दिला, "तिसऱ्या भागात आर्लो साधू निघाला ना, तर मी चालत शाळेत येईन. तुमच्या बसनं नाही!"

"उतर आता, उशीर होतोय," ती म्हणाली, पण हसू काही लपेना.

पोरं गेल्यावर तिनं फोन काढला. कालचा निरोप खोडला आणि लिहिलं, 'आर्लोनं दार उघडलं ते उघडलं. पुढचं त्याला निस्तरू दे.' लगेच पाठवून दिलं.

मग बस घेऊन ती थेट तळ्यावर. तळं गोठलेलं, त्यावर व्हर्लिनची लाकडी खोली, खोलीत बर्फाला भोक, आणि भोकात गळ टाकून बसलेला तिचा नवरा.

तिनं पुठ्ठा त्याच्या मांडीवर टाकला. "घरात दहा प्रती पडल्यात. लायब्ररीत कशाला गेलास?"

व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. "घरी वाचलं असतं तर रोज विचारलं असतंस, कुठवर आलास. मला दिवसाला चार पानं होतात. जन्मात दुसरंच पुस्तक गं, पहिला भागही असाच गुपचूप वाचला."

"मग?"

त्यानं गळ हलवला. थंडीचं काही बोलला नाही. "त्या पोराचा राग आला मला. मग वाटलं, त्याच्या जागी मी असतो तर मीही उघडलं असतं दार. भीती वाटल्यावर माणूस काय करणार? पुढं तो तोंड कसं दाखवतो, ते सांग."

"ते लिहायचंय अजून."

"मग इथं काय करतेस? जा, लिही." आणि ती वळली तसं मागून म्हणाला, "आणि ऐक, या वेळी यादीत माझं नाव पहिलं घालायला सांग. ती पोरं शेवटी राहू देत."