चौकातल्या सुरूला बांधलेली गाठ

नवीन पनवेलच्या चौकातल्या नाताळच्या झाडाचा थाट काही औरच. चर्चची पोरं दरवर्षी सुरूचं भलंमोठं झाड उभं करायची आणि पार जासईपासून माणसं टेम्पो भरभरून ते बघायला यायची. वर चांदणी, खाली दिवे, मधे कापसाचा बर्फ. खरा बर्फ पनवेलात फक्त आईच्या मासळीच्या टोपलीत, असं निशा शाळेत सगळ्यांना ऐकवायची.

आई, गुणाबाई, गव्हाणहून येऊन त्याच चौकात म्हावरं विकायची. निशाचे बाबा दसऱ्यानंतर समुद्रावर गेले होते. होडी सापडली, बाबा नाहीत.

नाताळच्या आदल्या दिवशी गुणाबाई टोपलीवरून उठली आणि बाबांच्या जाळ्याचा दोर तिनं सुरूच्या फांदीला बांधला. गव्हाणला देवाच्या झाडाला नवसाची गाठ अशीच बांधतात. माणूस घरी आला की जिनं बांधली तिनंच ती सोडायची. त्याआधी हात लावायचा नाही.

"आये, ह्यो त्यांचा देव हाय."

"मंग? समिंदर कुनाचा हाय?"

शेजारची दमयंती सुरमई कापता कापता म्हणाली, "बांध गो. त्या देवाला म्हावरं चालतंय, आपलं आदी ऐकंल."

निशानं ते झाड टेम्पोतून उतरताना पाहिलं होतं. बुंधा तोडलेला, आणि आता लाल कागदाआड वाळूचं पिंप. विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोरीला कोणी वेगळं सांगायला नको. पण त्या रात्री आई किती दिवसांनी पोटभर जेवली, म्हणून निशा गप्प बसली. आई रोज बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायला लागली, तेव्हा तर निशालाही वाटायला लागलं, कोण जाणे.

"पानी घालतंय तरी सुकतंय कसं?"

"थंडी हाय ना, आये."

जानेवारीत पोरांनी चांदणी उतरवली, पिंप आडवं केलं. झाड सरकन बाहेर आलं. गुणाबाई धावली. तोडलेला सपाट बुंधा तिनं तळहातानं चाचपला.

"याला मुळं नायत गो."

निशा सांडलेली वाळू पायानं सारत राहिली.

"तुला ठावं व्हतं?"

निशानं होकाराची मान डोलावली. आईनं एक सणसणीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

आई वाळक्या फांदीपाशी बसली आणि नखांनी गाठ सोडवू लागली. पाण्यानं आवळलेली गाठ, लवकर सुटेना. सुटली तेव्हा तिनं दोर गुंडाळून टोपलीच्या तळाशी घातला.

"चल," ती म्हणाली, "म्हावरं नरम पडतंय."